काळी चारच्या गव्हाणेबाई

कुकरची शिट्टी झाली की माझा हात अजून थांबतो. वाटतं, आता समोरच्या गॅलरीतून आवाज येणार, "सुधाबाई, तुमचा कुकर आज पांढरी दोन म्हणतोय. रबर बघा त्याचं." आणि गंमत अशी की रबर खरंच गेलेलं असायचं. आमचे हे चिडायचे. म्हणायचे, आपल्या घरात काय शिजतंय ते त्या बाईला आधी कळतं आणि मला नंतर. आता त्या गॅलरीत नव्या भाडेकरूंचं कपडे धुवायचं मशीन आहे. ते दिवसभर घुमतं, आणि कुठल्या सुरात घुमतं हे मला सांगणारं कुणी उरलेलं नाही.

चंद्रकला गव्हाणे ख्याल गायच्या. छावणीत आम्ही समोरासमोर राहायचो आणि एकाच मुलींच्या शाळेत नोकरीला होतो. त्या गाणं शिकवायच्या, मी भूगोल. त्यांच्या नावामागं कुणी विदुषी-बिदुषी लावलं नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या मंडपांतून कधीमधी बोलावणं यायचं. बाई जायच्या, गाऊन यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला शाळेत हजर असायच्या. तिकडंच राहा, नाव होईल, असं त्यांना कितीजणांनी सांगितलं. "नाव हाये की मला," म्हणायच्या, "हजेरीपटावर रोज घेतात." पण आमच्या ह्या गावात, तेव्हाच्या औरंगाबादेत काय आणि आताच्या संभाजीनगरात काय, ज्याला म्हणून गाण्याचा कान आहे त्याच्यापुढं 'काळी चारच्या गव्हाणेबाई' एवढं म्हटलं की पुरे होतं.

काळी चार म्हणजे काय हे कळायला मला बरेच दिवस लागले, तुम्हाला एका दमात सांगते. पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात. गाणारा माणूस आपल्या गळ्याला झेपेल अशी एक पट्टी धरतो, तिला आपला सा मानतो आणि सगळं गाणं त्या सावर उभं करतो. तंबोरा त्यालाच जुळवायचा, तबलाही त्यालाच. बाईंची पट्टी होती चौथी काळी. वय झालं की गळा जड होतो, वरचे सूर लागेनासे होतात, मग बहुतेक गवई गुपचूप एखादी पट्टी खाली येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही असं बाकीचे म्हणत. बाईंना ते अजिबात मान्य नव्हतं.

छावणीत सकाळी लष्कराचा बिगुल वाजतो. आम्ही त्यावर पोरांना उठवायचो आणि बाई त्यावर मत द्यायच्या. आज नवा गडी दिसतोय, फुंकर कच्ची आहे. आज जुनाच आहे, पण सर्दी झालीय त्याला. एकदा भाजी घेताना त्यांनी एका जवानाला गाठून विचारलं होतं, काल बिगुल तूच वाजवला का म्हणून. तो बिचारा घाबरून नाही म्हणाला. बाईंना पटलं नाही.

शाळेतही तसंच. कडुलिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच आमची घंटा. शिपायानं टोल दिला की बाई त्या टोलाचा सूर धरून प्रार्थना सुरू करायच्या. पेटी नाही, काही नाही, पण सगळी शाळा एका सुरात. पुढं नव्या मुख्याध्यापिका आल्या, त्यांनी विजेची घंटा बसवली. पहिल्या दिवशी ती कर्रकन वाजली आणि बाई हात जोडून गप्प उभ्या राहिल्या. मुलीही गप्प. मुख्याध्यापिका म्हणाल्या, अहो बाई, सुरू करा ना. "कुठून?" बाईंनी शांतपणे विचारलं. "ह्याला सूरच नाय. ह्याला नुसती खाज हाये." मी तोंडाला पदर लावून वर्गात पळाले. शेवटी मी रिटायर होईपर्यंत आमच्या शाळेत दोन घंटा होत्या, विजेची तासांसाठी आणि रुळाची प्रार्थनेसाठी.

बाई मूळच्या फुलंब्रीकडच्या एका खेड्यातल्या. वडिलांची चांगली जमीन, पण घरात गाण्याचा गंधही नाही. शाळेसाठी त्या छावणीत मामाकडं आल्या. शेजारची एक मुलगी बुढीलेन नावाच्या मोहल्ल्यातल्या खाँसाहेबांकडं गाणं शिकायला जायची, तिला सोबत म्हणून मामीनं हिला धाडलं. दोन महिन्यांत ती शेजारची मुलगी कंटाळून थांबली आणि सोबत गेलेली राहिली. खाँसाहेब म्हातारे होते, निजामाच्या जमान्यात हैदराबादेस गाऊन आलेले, अफूसारखे शांत. कुणी तान घाईनं घेतली की एवढंच म्हणायचे, "कैकू दौडती बेटी? सुर कहीं जारा क्या?" बाईंनी हे वाक्य पुढं जन्मभर वापरलं. शाळेत मुली डबा खायला पळाल्या तरी, रिक्षावाल्यानं खड्ड्यातून रिक्षा उडवली तरी, आणि एकदा तर आमच्या मुख्याध्यापिकांना, इन्स्पेक्शनच्या दिवशी.

त्यांचं लग्न कसं ठरलं ते ऐकण्यासारखं आहे. नाना, म्हणजे त्यांचे यजमान, मुलगी बघायला आले. जिल्हा परिषदेत नुकतेच कारकून म्हणून चिकटलेले, बोलायला एकदम कमी. नानांच्या वडिलांनी रीतीप्रमाणं विचारलं, मुली, गाणं येतं का. ह्या म्हणाल्या, येतं, पण तंबोऱ्याशिवाय गात नाही, आणि तंबोरा खाँसाहेबांकडं आहे. झालं! मामाचा चेहरा पडला. दुसरी कुणी असती तर तिथंच मोडलं असतं, पण नाना म्हणाले, चला मग तिकडं. त्या दिवशी त्यांनी बोललेलं हे एकच वाक्य. दोन टांगे करून सगळी वरात बुढीलेनीत. खाँसाहेबांनी पाहुण्यांकडं एकदा बघितलं, तंबोरा उचलला आणि सरळ नवरदेवाच्या मांडीवर दिला. "पकडो मियाँ." नानांनी पकडला. ही गायली तेवढा वेळ ते दाखवल्याप्रमाणं तारा छेडत बसले, पाठ ताठ, नजर समोर. गाणं संपल्यावर खाँसाहेब नानांच्या वडिलांना म्हणाले, "गानेवाली कू अच्छा आदमी होना, तंबोरे कू सीधा आदमी होना. ये दोनों है." नानांच्या वडिलांना ह्यातलं काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी सुपारी फोडली.

तेव्हापासून तंबोरा नानांचा. खाँसाहेबांनी त्यांना लावायलाही शिकवला. नानांना स्वतःला सरळ आरतीसुद्धा म्हणता येत नसे. गणपतीत ते ओठ हलवायचे, आवाज सोडायचे नाहीत. पण तंबोऱ्याच्या खुंटीला त्यांचा हात लागला की तार जागेवर यायची. पहाटे बाई उठायच्या आधी ते तंबोरा लावून सतरंजीवर आडवा ठेवायचे, मग दूध आणायला जायचे. मैफलीतही तेच. बाहेरगावचे वादक म्हणायचे, बाई, एकदा सूर बघून घेता का? बाई पदर सारखा करत म्हणायच्या, "नानांनी लावलाय ना? मग मी कशाला बघू?" हे इतकं ठरलेलं होतं की आम्ही बायका एकमेकींना टोमणे मारताना तेच वापरायचो. भाजीत मीठ घातलंस का? नानांनी लावलाय ना.

आता त्या हट्टाचं सांगते. खाँसाहेब अगदी थकले होते तेव्हा कुणीतरी त्यांचा सत्कार ठेवला आणि आग्रह करकरून त्यांना गायला बसवलं. पट्टी जुनीच ठेवली. गळा साथ देईना. वरच्या साला जाताना आवाज फाटला, परत गेले, परत फाटला. बाई मागं तंबोऱ्यावर होत्या, त्यांना सगळा हॉल दिसत होता. लोकांनी माना खाली घातल्या होत्या. मागं कुणीतरी हसलं. बाईंनी त्या दिवशी मनाशी ठरवलं आणि पुढं गावभर सांगितलं, स्टाफरूममध्ये सांगितलं, रेडिओच्या मुलाखतीत सांगितलं, की ज्या दिवशी काळी चार सुटेल त्या दिवशी माझी मैफल बंद. पट्टी उतरवून गाणार नाही. लोकांनी कीव करून ऐकावं असं गाणं मला नको.

खाँसाहेब गेल्यावर दरवर्षी छावणीतल्याच एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांची बरसी व्हायची. बाई त्या दिवशी गायच्या. मंडपवाला खुर्च्या द्यायचा, आम्ही बायका चहा करायचो. रिटायर झाल्यावरही बाईंचं वर्ष त्या बरसीभोवतीच फिरायचं.

मग बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉईडची गाठ होती. डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने गाणं बंद, बोलणंही बेतानं. ते महिने मी समोरून बघितले आहेत. बाई खिडकीत बसून राहायच्या. बिगुल वाजायचा, त्यावर अवाक्षर नाही. माझा कुकर शिट्ट्या देऊन देऊन थकायचा, त्यावर काही नाही. जेवण दोन घासांवर आलं. मी डबा घेऊन गेले तर ओळख नसल्यासारखं बघायच्या. नाना पहाटे तंबोरा लावायचे, तो तसाच आडवा पडून राहायचा, आणि संध्याकाळी ते त्याच्यावर गवसणी घालायचे. एवढा सरळ बसणारा माणूस, पण त्या दिवसांत जिना चढताना कठड्याला धरून चढायचा.

पुढं परवानगी मिळाली. बाई गायला बसल्या. मधला आवाज सुंदर लागला, पण वरचा सा ताणल्याशिवाय येईना. हळूहळू येईल, असं बाई म्हणाल्या. येणार नाही, हे नानांनी त्याच सकाळी ओळखलं. आणि ह्या माणसानं, ज्यानं ऑफिसातली टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही, एक उद्योग केला. एका पहाटे तंबोऱ्याच्या खुंट्या थोड्या थोड्या सैल केल्या. काळी चारची पांढरी पाच केली, म्हणजे लगतची खालची पट्टी. बाईंनी तंबोरा घेतला, बघितला नाही, गायल्या. वरचा सा सहज लागला. बाहेर येऊन मला गॅलरीतून ओरडून सांगितलं, "सुधाबाई, आला! वरचा आला!" मला काय ठाऊक. मी आनंदानं शिरा केला.

हे सगळं मला नानांनी नंतर सांगितलं, म्हणून मी सांगू शकते. घरात सूर तपासायची छोटी सुरपेटी होती ती त्यांनी 'हरवली'. विजेचा तंबोरा घरात येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बाई त्याला डबा म्हणायच्या. राहिला मैफलीतला पेटीवाला. ते अंबादासराव, नानांचे जुने मित्र. त्यांची पेटी स्केल चेंजर, तिच्यातली सगळी पट्टीच एक घर सरकवता येते. बोटं दिसतात काळी चारवर आणि आवाज निघतो पांढरी पाचचा. नानांनी त्यांना हात जोडून सांगितलं, ती गायची थांबली तर मी तिला परत खिडकीत बसलेली बघू शकणार नाही. अंबादासरावांनी पट्टी सरकवली. तबलजीनं हातोडी मारून तबला उतरवला आणि तोही गप्प बसला.

अशी काही वर्षं गेली. बाई पुन्हा खुशीत होत्या, पण त्यांची एक नवीनच तक्रार सुरू झाली. म्हणायच्या, आताशा बिगुल चढलाय. लष्करानं बिगुल बदलले वाटतं. मग म्हणाल्या, कुकरही चढलाय तुमचा. देवळातली घंटा चढली. शाळेत गेल्या होत्या काही कामानं, तर म्हणे रुळाचा तुकडासुद्धा चढला. "सगळ्या जगालाच घाई झालीय, नाना," असं त्या म्हणत, आणि नाना पेपरातून मान वर न करता हूं करत. मला ते म्हातारपणाचं कुरकुरणं वाटायचं. बिगुल बिचारा होता तिथंच होता.

आणि मग ती बरसी आली. आदल्या दिवशी अंबादासराव स्कूटरवरून पडले, मनगट प्लॅस्टरमध्ये. त्यांनी जालन्याच्या एका गुरुजींना पाठवलं. गुरुजी साठीचे, गोरेपान, मोठ्या आवाजाचे, सचोटीचा माणूस. स्वतःची साधी पेटी घेऊन आले. ऐन गर्दीत नानांनी त्यांना कानात पट्टी तेवढी सांगितली. ती का सांगतोय हे सांगायला वेळ मिळाला नाही, आणि अंबादासरावांना वाटलं होतं की नाना सांगतील.

बाई बसल्या. मागं नाना तंबोरा छेडू लागले. मी पहिल्या रांगेत चहाच्या थर्मासपाशी होते. गुरुजींनी पेटी उघडली, खातरजमा केलेली बरी म्हणून बाईंकडं वाकले, आणि समोर माईक आहे हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

"बाई, पांढरी पाच ना?"

"काळी चार," बाई म्हणाल्या.

"पण नानांनी पांढरी पाच सांगितली. आणि तंबोराही पांढरी पाचात आहे." असं म्हणून त्यांनी पट्टी दाबून दाखवली. तंबोरा आणि पेटी एकमेकांत विरघळली. मग त्यांनी काळी चार दाबली. ज्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही त्यालासुद्धा ऐकू आलं.

बाई मागं वळल्या. नानांची बोटं तारांवर थांबली होती आणि ते तंबोऱ्याच्या भोपळ्याकडं बघत होते. हॉलमध्ये जाणकार होते, त्यांना कळलं. हळूहळू माना खाली गेल्या. हे मी बघितलं, आणि बाईंनीही बघितलं. मला वाटलं, ह्या आता उठणार. त्या उठल्या नाहीत. गुरुजींना म्हणाल्या, "तंबोरा म्हणतो तेच धरा," आणि भूप सुरू केला. गायल्या ते एकदम चोख. एक चूक नाही, आणि बाईंच्या गाण्यात जीव सुखावणाऱ्या ज्या जागा असायच्या त्यातली एकही नाही. शेवटची भैरवी म्हणायची रीत असते, ती न म्हणताच नमस्कार केला. परतताना रिक्षात तंबोरा नानांच्या मांडीवर असायचा. त्या दिवशी बाईंनी तो स्वतःच्या मांडीवर घेतला आणि नाना रिकामे हात घेऊन शेजारी बसले.

दुसऱ्या दिवसापासून समोरचं घर मुकं झालं. मैफल बंद म्हटल्यावर मैफल बंद, पण बाईंनी रियाजही सोडला. त्या परत खिडकीत दिसायला लागल्या. एवढ्यासाठी नानांनी सगळं केलं होतं आणि नेमकं तेच पुढ्यात आलं. एका दुपारी ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले आणि मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. चहा निवून गेला. "माझ्यावर रागावली असती तर चाललं असतं, सुधाताई," असं म्हणाले. "ती आपल्या कानावर रागावलीय."

मी बाईंकडं गेले. म्हटलं, सोडून द्या आता, त्यांनी प्रेमापोटी केलं. माझ्याकडं असं बघितलं की मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली. म्हणाल्या, "नवऱ्यानं फसवलं ह्याचं काही नाय हो. बिगुलाचा सूर सांगत गावभर हिंडले मी, आन् माझ्याच मांडीवरचा तंबोरा मला ऐकू आला नाय. मी ऐकलाच नाय कधी. त्यांनी लावला की माझे कान बंद." आणि मग, "एवढा इस्वास असतो का माणसानं टाकायचा?"

त्यानंतर एका सकाळी मी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले, तर दार उघडं होतं. सतरंजी अंथरलेली होती. नाना अंबादासरावांकडून पेटी घेऊन आले होते. तंबोरा लावून त्यांनी बाईंपुढं ठेवला आणि म्हणाले, "काळी चार लावलाय. पेटीवर बघून घे. ह्या खेपेला बघ."

बाईंनी पेटीची पट्टी दाबली, तार छेडली. खरंच काळी चार होती. मग त्या गायल्या, इतक्या दिवसांनी. मी दारातच थांबले, ताटली हातात. आवाज हळूहळू वर चढला, वरच्या सापाशी आला आणि फाटला. त्या परत गेल्या. परत फाटला. खाँसाहेबांचं सत्काराचं गाणं मी ऐकलं नव्हतं, पण तेही असंच झालं असणार. नाना एक हात खुंटीपाशी ठेवून बसले होते. बाईंकडं बघत नव्हते, समोर भिंतीकडं बघत होते, पाठ ताठ, बघायला आले होते त्या दिवशी बसले असतील तसे.

बाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, "उतरवा."

नानांनी खुंटी फिरवली. बाईंनी ऐकलं, मान हलवली. "आजून."

नानांनी आणखी उतरवलं. बाई ऐकत राहिल्या, आणि मग सतरंजीवर थाप मारून म्हणाल्या, "बस्स. हितं." ती काळी तीन होती. पांढरी पाचच्याही खाली. त्या सुरावर त्या गायल्या, आणि मी सांगते, थोरामोठ्यांची गाणी मी ऐकली आहेत, पण तसं गाणं पुन्हा कानावर पडलं नाही. नाना तंबोरा छेडत होते आणि डोळ्यांतून पाणी त्यांच्या शर्टावर पडत होतं, पण हात थांबला नाही. खिचडी तशीच माझ्या हातात थंड झाली.

पुढच्या बरसीला बाईंनी स्वतः माईक ओढला. म्हणाल्या, "मंडळी, काळी चार सुटली. आज काळी तीन हाये. मी बोलले होते बंद करीन म्हणून. ते मागं घेते." आणि मागं बोट दाखवून म्हणाल्या, "नानांनी लावलाय. मी बघितला नाय." हॉल आधी हसला आणि मग टाळ्या. त्या दिवशी कुणी मान खाली घातली नाही. वरचा सा आला तेव्हा जालन्याचे गुरुजी, जे एसटीचं तिकीट काढून मुद्दाम ऐकायला आले होते, उभे राहिले. भैरवीही झाली.

नाना गेले ते दूध घेऊन येताना. जिन्यातच बसले, पिशवी शेजारी नीट उभी करून ठेवलेली. तंबोरा लावून झालेला होता, वर सतरंजीवर.

बाई त्यानंतर दोन-एक वर्षं इथंच होत्या. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, तो तिकडं चल म्हणायचा, त्या टाळायच्या. मग गुडघे अगदीच गेले तेव्हा हो म्हणाल्या. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी भेटायला गेले. घरात खोकी बांधलेली, भिंतीवर खाँसाहेबांच्या तसबिरीच्या जागी पांढरा चौकोन. बाई खाटेवर तंबोरा घेऊन बसल्या होत्या आणि हलक्या आवाजात गात होत्या. आवाज किती खाली आला होता! पुरुषाचा वाटावा इतका. पण स्थिर. कुठंही घाई नाही.

नाना गेल्यापासून तंबोरा कोण लावतं, हे विचारायचं माझ्या मनात कधीचं होतं. त्या दिवशी दिसलं. तारांत खाली बारीक मणी ओवलेले असतात, ते सरकवून थोडाफार फरक करता येतो. बाई फक्त ते मणी सरकवत होत्या. वरच्या खुंट्यांना हात लावत नव्हत्या. न पिळता ठेवल्या की तारा आपोआप थोड्या थोड्या उतरत जातात. जी तार सगळ्यात जास्त उतरली असेल तिच्याशी त्या बाकीच्या तीन जुळवून घ्यायच्या आणि मग त्या सुराशी आपला गळा.

मी म्हटलं, बाई, गुलमंडीतल्या वाद्यांच्या दुकानातून कुणाला बोलावू का? जायच्या आधी नीट पिळून देईल.

"खुंट्यांना कुणी हात नाय लावायचा," त्या म्हणाल्या. "त्या नानांनी पिळल्यात."

तेवढ्यात छावणीतून संध्याकाळचा बिगुल वाजला. मी सवयीनं त्यांच्याकडं बघितलं. त्या ऐकत होत्या की नाही कळलं नाही, बोटं तारांवरून फिरतच होती. मला राहवलं नाही. विचारलं, "आता कुठली पट्टी झालीय हो, बाई?"

त्यांनी पदर सारखा केला, अगदी स्टेजवर करायच्या तसा.

"नानांनी लावलाय ना?" म्हणाल्या. "मग मी कशाला बघू?"